दुकानाची दर्शनी बाजू आणि इमारतीचं दार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या बाजारपेठांमधले दुकानदार, नवी इमारत बांधणारे मालक, सोसायटीचे सेक्रेटरी आणि अधूनमधून एखादा पंच किंवा नगरसेवक आम्हाला जे विचारतात, ते इथं एकत्र केलं आहे. मापं मीटर-मिलिमीटरमध्ये दिली आहेत, कारण मिस्त्रीला "जरा पुढं काढ" सांगितलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

दुकान आकर्षक करायचं तर सुरुवात कशानं करावी? काचेनं, पाटीनं की रंगानं?

आधी छपरानं. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेल्या आठ महिन्यांत ऊन. चालणारा माणूस तुमच्या दारात थांबला तरच तो आत काय आहे ते बघणार, आणि भिजत किंवा भाजत कुणी थांबत नाही.

पणजीच्या १८ जून रस्त्यावर बऱ्याच इमारतींच्या तळमजल्यावर खांबांमागून जाणारी, छपराखालची वाट आहे. पावसाची सर आली की रस्त्यावरची माणसं तिथं शिरतात. शिरल्यावर करायला काही नसतं, म्हणून ती काचेमागच्या चपला, काजूची पाकिटं, शर्ट बघत उभी राहतात. त्यातली दोन-तीन आत जातात. एवढी स्वस्त जाहिरात दुसरी नाही. तरीही हीच वाट खोकी, फ्रीज आणि स्कूटर लावून अडवणारे दुकानदार आहेतच. गिऱ्हाईक का येत नाही म्हणून मग तेच विचारायला येतात.

जुन्या घरांच्या बल्कांवाचाही उपयोग हाच होता. घर आणि रस्ता यांच्यामध्ये छपराखालची, बसायची जागा. घरात न बोलावता पाहुण्याला सावलीत बसवता येतं. दुकानाला बल्कांव बांधा असं कुणी म्हणत नाही, पण रस्ता आणि दार यांच्यामध्ये तशी दोन-तीन पावलांची जागा हवी.

छप्पर किती पुढं काढावं?

दुकानाचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्यावर ते ठरतं. सगळ्यांना एकच माप सांगणाऱ्या फॅब्रिकेटरचं ऐकू नका.

गोवा साधारण १५.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. दक्षिणेकडं तोंड असलेल्या दुकानावर डिसेंबरच्या दुपारी ऊन क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांतून येतं. तेव्हा १.२ मीटरचं छप्पर खाली जवळजवळ दीड मीटर सावली टाकतं, म्हणजे काचेचा मोठा भाग झाकला जातो. उत्तरेकडच्या दुकानाला उन्हाचा त्रास थोडा. तिथं छप्पर मुख्यतः पावसासाठी.

पश्चिमेकडचं दुकान हे खरं दुखणं. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंशांवर असतो. त्याच १.२ मीटरच्या छपराची सावली मग अर्ध्या मीटरच्या आसपास पडते. छप्पर दुप्पट केलं तरी भागत नाही. इथं उभा आडोसा लागतो: वाळ्याचे किंवा बांबूचे गुंडाळता येणारे पडदे, उभ्या लाकडी पट्ट्या, किंवा नशीब असेल तर समोर एखादं झाड. दुकानदार काचेवर काळी फिल्म लावतात. त्यानं ऊन थोडं कमी होतं, पण बाहेरून आतलं काहीच दिसत नाही. मग काच कशाला, चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) भिंतच बरी. आणि पावसाळी वाराही पश्चिमेकडून, नैऋत्येकडूनच येतो. त्यामुळे त्या बाजूला सरी आडव्या आत घुसतात. एकाच आडोशानं ऊन आणि पाऊस दोन्ही अडवता येतात, फक्त तो जूनमध्ये वाऱ्यानं फाटणार नाही इतका भक्कम हवा.

छपराची खालची कड रस्त्यापासून निदान २.४ मीटर वर ठेवा. छत्री उघडून माणूस खालून गेला पाहिजे. कडेला पन्हळ लावा आणि तिचं पाणी पाइपानं थेट गटारात सोडा. पागोळ्या नेमक्या पायवाटेच्या मधोमध पडतील असं छप्पर म्हणजे शेजाऱ्यांच्या गिऱ्हाइकांना अंघोळ घालणं.

दर जूनला निळी ताडपत्री बांधावी लागते. सगळी शोभा जाते. उपाय आहे?

आहे: ताडपत्री येणारच हे धरून नकाशा काढायचा. गोव्यात पावसाळ्याची तात्पुरती शेड ही चवथीइतकीच (गणेशचतुर्थीइतकीच) ठरलेली गोष्ट आहे, पण दुकान सजवताना तिचा विचार कुणी करत नाही. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात पाटीच्या खिळ्याला, विजेच्या खांबाला आणि शेजारच्या पाइपाला सुतळी बांधली जाते.

भिंतीत आणि छपराच्या कडेला स्टेनलेस स्टीलच्या कड्या आधीच बसवून घ्या. त्यांच्या मापानं, ठरलेल्या रंगाचं जाड कापड शिवून घ्या आणि कडेला पाइप ओवा, म्हणजे ते ताठ राहतं आणि पाणी साचून पोट सुटत नाही. सप्टेंबर संपला की धुऊन, वाळवून माळ्यावर. पाच-सहा शेजारी दुकानांनी एकच रंग घेतला तर सगळी गल्ली पावसाळ्यातही नीटनेटकी दिसते.

कायमचं छप्पर करायचं आणि इमारत त्याला साजेशी असेल, तर लाकडी किंवा लोखंडी चौकटीवर मंगळुरी कौलं अजूनही सगळ्यांत चांगली. पत्र्याखाली पावसात गिऱ्हाइकाशी ओरडून बोलावं लागतं. पॉलिकार्बोनेट नवं असताना छान दिसतं, मग पिवळं पडतं आणि त्यावर शेवाळ धरतं.

आमचं शोरूम मोठं आहे, काचही वीस मीटर. तरी लोक थांबत नाहीत. का?

कारण वीस मीटर एकच गोष्ट बघावी लागते. डॅनिश नगररचनाकार यान गेल यांनी रस्त्याकडेच्या दर्शनी बाजूंची प्रतवारी केली आहे. त्यात सगळ्यांत जिवंत रस्ता तो, ज्यावर १०० मीटरला १५ ते २० दारं किंवा लहान दुकानं असतात. माणूस ताशी पाच किलोमीटरनं चालतो असं धरलं, तर दर चार-पाच सेकंदांनी त्याच्यासमोर नवं काही येतं.

आता मडगावच्या न्यू मार्केटमध्ये चालून बघा. गाळे इतके अरुंद की दोन पावलांत बांगड्या, पुढच्या दोन पावलांत मसाले, मग कापड. त्या गल्ल्यांना कुणी डिझायनर लावलेला नाही, सोयी म्हणाल तर बेताच्याच, पण कंटाळा कुणाला येत नाही.

मोठं दुकान लहान करायला भिंती घालाव्या लागत नाहीत. वीस मीटरची काच चार-पाच भागांत तोडा. मध्ये चिऱ्यांचे किंवा लाकडाचे खांब येऊ द्या, प्रत्येक भागात वेगळी मांडणी करा, एखादा भाग आत खेचून बाक ठेवा, जमलं तर दुसरं दार उघडा. कोपऱ्यातली तीन मीटर चहावाल्याला किंवा फुलवाल्याला भाड्यानं दिलीत तर त्याहून चांगलं. काचेमागं पाठमोरी कपाटं लावून वर स्टिकर चिकटवायची फॅशन सध्या फार आहे. सुपरमार्केटवाल्यांना एवढीच विनंती आहे: ती कपाटं आतल्या भिंतीला लावा.

रस्त्यावर पाणी भरतं म्हणून जोतं उंच घेतलं. आता वृद्ध गिऱ्हाइकांना चढता येत नाही. रॅम्प करायचा तर तो गटारावर जातो. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि सोपं उत्तर नाही.

आधी हिशेब. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा. जोतं १५० मिलिमीटर असेल तर रॅम्प १.८ मीटर लांब. ३०० असेल तर ३.६ मीटर, ४५० असेल तर ५.४ मीटर. तीन मीटर रुंदीच्या गाळ्यासमोर एवढी जागा कुठून आणणार? म्हणून लोक अर्ध्या मीटरची सिमेंटची घसरगुंडी करतात आणि तिला रॅम्प म्हणतात. तिच्यावरून स्कूटर चढते, आजी चढत नाही.

शिवाय आपल्याकडं रस्ता आणि दुकान यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी गटार असतं आणि त्यावर काँक्रीटच्या लाद्या. तुमच्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस त्या लाद्यांवरून येतो, म्हणजे प्रवेशद्वार तिथूनच सुरू होतं. लादी हलत असेल, मध्ये फट असेल, तर आतल्या इटालियन मार्बलला काही अर्थ नाही. मात्र तिच्यावर पक्कं काँक्रीट ओतून टाकू नका. पावसाआधी गटार उपसायला लाद्या उचलाव्या लागतात. बुजवलेल्या गटाराचं पाणी शेवटी तुमच्याच दुकानात येतं. उचलता येतील अशा, कड्या असलेल्या, खरखरीत लाद्या घाला आणि पालिकेला किंवा पंचायतीला विचारून घाला. पायवाटेवर आलेला रॅम्प अतिक्रमणात मोडतो आणि चालणाऱ्याला अडथळाही तोच होतो.

मग चढ कुठं घ्यायचा? दुकानाच्या आत. दार पायवाटेच्या पातळीवर ठेवा, आतली पहिली दीड-दोन मीटर जागा त्याच पातळीवर राहू द्या आणि तिथून बाजूच्या भिंतीला धरून उतार वर न्या. जागा जाते हे खरं. पण ती जागा मांडणीची असते: गिऱ्हाईक चढता चढता दोन्हीकडचा माल बघतं. पाणी भरण्याचं म्हणाल, तर खालच्या भागात भिंतीला निदान ४५० मिलिमीटरपर्यंत टाइल किंवा दगड लावा, विजेचे सॉकेट त्याच्या वर घ्या, लाकडी फर्निचर पायांवर उचला आणि दाराच्या दोन्ही बाजूंना खाचा ठेवून पाणी अडवायच्या फळ्या बसतील अशी सोय करा. जुन्या दुकानांना फळ्यांची दारं असायची, एकेक फळी नंबरानं खाचेत सरकवायची. तीच युक्ती, रबराची कड लावून.

पणजीत १८ जून रस्त्याचे काही भाग, मळा परिसर अशा सखल ठिकाणी मुसळधार पावसात पाणी तुंबतं, तिथं एवढ्यानं पुरतंच असं नाही. तिथं जोतं उंच ठेवून दारावर घंटीचं बटण आणि उचलून ठेवायचा हलका रॅम्प, अशी तडजोड करावी लागते. आम्हाला ती आवडत नाही, पण करतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ सार्वजनिक वापराच्या इमारतींमध्ये सुगम प्रवेशाची अपेक्षा ठेवतो. त्यामुळे नवी इमारत असेल तर तडजोडीचा प्रश्नच नको, आधीच आखून घ्या. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर ठेवा.

पायऱ्यांना पॉलिश ग्रॅनाइट चालेल?

नाही. जूनमध्ये पहिला माणूस घसरेल. खरखरीत केलेला ग्रॅनाइट, न घासलेला कोटा किंवा कडेला खाचा पाडलेला कुठलाही दगड घ्या. पायरीची उंची १५० आणि पाऊल ठेवायची जागा ३०० मिलिमीटर. सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात; शेवटची एकच पायरी दोन बोटं कमी असली तर सगळे तिथंच अडखळतात.

पाटी किती मोठी असावी?

वाटते त्याच्या निम्मी. गाडीतून जाणाऱ्यासाठी केलेली पाटी चालणाऱ्याच्या डोक्यावर असते. मान वर केल्याशिवाय ती त्याला दिसतच नाही. ढोबळ नियम असा की वाचायच्या दर तीन मीटर अंतरामागं अक्षराची उंची २५ मिलिमीटर. रस्त्याच्या पलीकडून, म्हणजे बारा-पंधरा मीटरवरून वाचायचं तर सव्वाशे मिलिमीटर पुरतं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो, म्हणून ओळीला थोडी जास्त उंची द्या, नाहीतर पेंटर मात्रा चेपून बसवतो.

समोरच्या मोठ्या पाटीपेक्षा भिंतीला काटकोनात लावलेली छोटी पाटी चालणाऱ्याला जास्त उपयोगी. ती दोन्ही बाजूंनी येणाऱ्याला दुरून दिसते. खाली २.४ मीटर मोकळे राहू द्या.

एसीपीच्या (ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या) चकचकीत पत्र्यानं अख्खा पहिला मजला झाकायची पद्धत म्हापसा, फोंडा, मडगाव सगळीकडं पसरली आहे. त्यामागं अनेकदा चांगल्या बिडाच्या जाळ्या, कमानीच्या खिडक्या, कधी शिंपल्याच्या तावदानांची चौकट दडलेली असते. नवी पाटी लावण्याआधी जुना पत्रा काढून मागं काय आहे ते एकदा बघाच. पणजीत मांडवीकाठी कॅसिनोंच्या झगमगाटाशी स्पर्धा करायच्या भानगडीतही पडू नका. एलईडीचा पळता बोर्ड आणून कपड्याचं दुकान तिथं जिंकणार नाही.

पाटी मराठीत लावली तर पर्यटक बुजतील का?

पर्यटक मालाकडं बघतो. रोजचा गिऱ्हाईक पाटी वाचतो आणि तो गल्लीतलाच असतो. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यानं देवनागरीतली कोकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या शासकीय वापरालाही त्यात जागा आहे. मोठी देवनागरी, खाली लहान रोमन, असं केलं की प्रश्न मिटतो. देवनागरी मात्र चांगल्या पेंटरकडून किंवा नीट फाँटमध्ये करून घ्या, आणि शुद्धलेखन कुणाकडून तरी तपासून घ्या. "स्विट्स"च्या वेलांटीवरून गावात दहा वर्षं हसतात.

आम्ही दुपारी एक ते चार बंद ठेवतो, रविवारीही. तेव्हा काय दिसणार?

शटर दिसणार, आणि म्हणूनच शटरचा विचार करायला हवा. गोव्यातला बाजार दुपारी झोपतो. सवय चांगली आहे, तिला नावं ठेवायचा आमचा विचार नाही. पण पत्र्याची सलग शटरं ओढलेली गल्ली दुपारी तुरुंगासारखी दिसते आणि रविवारी संध्याकाळी तिथून एकटीनं चालायला मुलींना बरं वाटत नाही.

भोकांचं किंवा जाळीचं शटर घ्या आणि ते काचेच्या बाहेर बसवण्याऐवजी मांडणीच्या मागं बसवा. पुढची काच आणि दोन फुटांची मांडणी उघडी राहते, माल सुरक्षित राहतो. काचफोडीची भीती असेल तर लॅमिनेटेड काच. आत एक दिवा टायमरवर रात्री दहापर्यंत चालू ठेवा. सोनाराला हे सांगत नाही, पण चपला, भांडी, पुस्तकं, मिठाई यांना चालतं.

समुद्राजवळ असाल तर साधं लोखंड टाळा. खाऱ्या हवेत शटरच्या पट्ट्यांच्या सांध्यात गंज धरतो, वरून रंग कितीही द्या. पावडर कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम किंवा गॅल्व्हनाइज्ड घ्या. स्टेनलेसमध्येही साधा ३०४ किनाऱ्यावर चहाच्या रंगाचे डाग धरतो. बिजागऱ्या आणि कड्यांसाठी ३१६ मागा. हार्डवेअरवाला "सगळं सारखंच असतं" म्हणेल. सारखं नसतं.

दारात स्कूटर लावतात. पाटी लावली तरी ऐकत नाहीत.

पाटीनं ऐकणार नाहीतच. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:१०३ ही मार्गदर्शिका पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी मागते. आपल्या बाजारात ती क्वचित मिळते, म्हणून जी आहे ती तरी वाचवायला हवी. जाड बुंध्याच्या कुंड्या, बाक, बुटके दगडी खांब पायवाटेच्या रस्त्याकडच्या कडेला ठेवता येतात; पण ती जागा सार्वजनिक असल्यानं पालिकेच्या परवानगीनं आणि सगळ्या दुकानांनी मिळून. एकट्यानं केलंत तर स्कूटर फक्त शेजाऱ्याच्या दारात सरकते आणि भांडण सुरू होतं.

आणि एक ऐकायला कडू गोष्ट: दारातल्या स्कूटरपैकी एखादी दुकानातल्या नोकराची असते, एखादी मालकाची. तिथून सुरुवात करा.

मोटरसायकल पायलटांचा, म्हणजे भाड्यानं मागं बसवून नेणाऱ्या मोटरसायकलवाल्यांचा, थांबा जवळ असेल तर त्यांना हुसकावू नका. सावली आणि बाक द्या. दिवसभर डोळे उघडे ठेवून बसलेली चार माणसं दारात असली की चोरीमारी होत नाही.

चवथीआधी माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचा, बाजार आमच्या दारातच बसतो. दुकान दिसेनासं होतं.

ते तीन-चार दिवस सोसा, किंबहुना वापरा. कात्रो, घागऱ्या, कांगण्या, आंबाडे, नारळाच्या पेंडी घेऊन गावोगावच्या बायका येऊन बसतात तेव्हा त्या रस्त्यावर वर्षातली सगळ्यांत जास्त माणसं पायी फिरत असतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचं गणितही हेच: भाजी घ्यायला आलेली बाई जाता जाता दुकानातही शिरते. दारासमोर १.२ मीटरची वाट मोकळी ठेवायला सांगा, प्यायचं पाणी आणि संध्याकाळी बाहेरचा दिवा द्या. विक्रेत्यांकडून पालिका सोपो (बाजारात बसण्याचा कर) घेते, २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं त्यांना संरक्षणही आहे. त्या तुमच्या मेहेरबानीवर बसलेल्या नाहीत हे लक्षात ठेवून बोललं की गोष्टी सुरळीत होतात.

खाली पार्किंग, वर फ्लॅट. अशा इमारतीचं प्रवेशद्वार चांगलं कसं करायचं?

ही इमारतच चालणाऱ्याच्या विरोधात उभी आहे. रस्त्याकडं गाड्यांची अंधारी गुहा, आणि जिना तिच्या पार मागं, मीटर बोर्ड आणि पाण्याच्या पंपाच्या शेजारी. पाहुणा दोन गाड्यांच्या मधून आडवा होऊन आत येतो. नवी बांधत असाल तर रस्त्याकडची निदान पाच-सहा मीटर खोली दुकानांना, दवाखान्याला किंवा एखाद्या क्लासला द्या आणि पार्किंग मागं ढकला. जिन्याचं दार रस्त्याकडं तोंड करून, दुकानांपेक्षा वेगळं ओळखू येईल असं.

झालेल्या इमारतीतही बरंच करता येतं. फाटकापासून जिन्यापर्यंत १.५ मीटरची वाट वेगळ्या लादीनं आखा आणि तिच्यावर गाडी लागणार नाही याची सोय करा. जिन्याच्या तोंडाशी ४५० मिलिमीटर उंचीचा बाक बांधा. सकाळी पदेराची (पाववाल्याची) वाट बघणारे, शाळेच्या बसची वाट बघणारी पोरं, गुडघे धरलेले आजोबा, सगळे वापरतात. पत्रपेट्या एका ओळीत. इमारतीचं नाव आणि घर क्रमांक रात्री वाचता येईल असा. रुग्णवाहिकेलाही तो लागतो. एसीचं पाणी दारावर ठिबकत असेल तर आधी तो पाइप वळवा, बाकीचं नंतर.

गोव्यात इमारतीत कसं शिरावं हे बघायचं असेल तर पणजीत कांपालला वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची कला अकादमी बघा. मोठं दार नाहीच. रस्त्यावरून छपराखालून चालत गेलात की समोर मांडवी येते. आपण आत कधी आलो ते कळत नाही.

आमचं घर जुनं आहे, पोर्तुगीज काळातलं. खाली कॅफे काढायचा आहे. काय जपावं, कुणाला विचारावं?

आधी विचारावं. पणजीत महानगरपालिका, इतर शहरांत नगरपालिका, गावात पंचायत, आणि जोडीला नगर व ग्राम नियोजन खातं किंवा त्या भागाचं नियोजन प्राधिकरण. पणजीतल्या फोंतेन्हाससारख्या संवर्धन क्षेत्रात दर्शनी बाजू बदलायची तर संवर्धन समितीपर्यंत जावं लागतं. जुने गोव्यासारख्या ठिकाणी, केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे, दुरुस्तीलाही परवानगी लागते. अर्ज करायच्या आधी फोटो काढून ठेवा, जुन्या स्थितीचा पुरावा राहतो.

जपायचं म्हणजे: चिऱ्याच्या भिंतीवर चुन्याचाच गिलावा. चिरा पाणी पितो आणि सोडतो. त्यावर सिमेंट आणि प्लास्टिक रंग चढवला की पाणी आत अडकतं, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात, आणि मालक रंगवाल्याला शिव्या देतो. रंग पिवळा, निळा, तांबडा, हिरवा, चुन्यात कालवलेला. पांढरा रंग पूर्वी चर्चसाठी राखलेला असे असं सांगतात. आज तसं बंधन नाही, पण भिंतीला रंग आणि कडांना पांढरा पट्टा ही पद्धत इतकी शोभते की मोडायला कारण नाही. पावसाच्या शिंतोड्यांनी भिंतीचा खालचा अर्धा मीटर लाल होतोच, म्हणून तिथं गडद पट्टा घ्या. नावासाठी हातानं रंगवलेली आझुलेज (पोर्तुगीज पद्धतीची चकचकीत) फरशी लावा, फ्लेक्स नको.

मग पर्यटक दारात उभे राहून फोटो काढतील. फोंतेन्हासचे रहिवासी त्याला वैतागले आहेत आणि त्यांचा वैताग रास्त आहे. कॅफेचं दार आणि वरच्या घराचं दार वेगळं ठेवा, घराच्या दाराला अर्धं फाटक बसवा, बसायच्या खुर्च्या शेजाऱ्याच्या खिडकीखाली येऊ देऊ नका.

वास्तुशास्त्राप्रमाणे दार पूर्वेला हवं, पण रस्ता पश्चिमेला आहे.

दार रस्त्याकडंच. मागच्या बाजूला दार केलंत तर पूर्व मिळेल, गिऱ्हाईक मिळणार नाही. देव्हारा आणि गल्ला हव्या त्या दिशेला घ्या, त्याला आमची हरकत नसते.

कुंड्या ठेवाव्यात का?

दोन मोठ्या ठेवा, दहा लहान नको. खाली बशी ठेवू नका. पाणी साचून डास होतात आणि डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य खात्याचे लोक येऊन सुनावतात.

दिवे कसे असावेत?

उबदार, ३००० केल्विनच्या आसपास, आणि दिवा दिसू नये, उजेड दिसावा. छपराच्या खालच्या बाजूला लपवलेली पट्टी पायरीवर उजेड टाकते, चालणाऱ्याच्या डोळ्यात घुसत नाही. काचेमागच्या मालावर बाहेरच्यापेक्षा जास्त उजेड हवा, नाहीतर काचेत गिऱ्हाइकाला स्वतःचंच तोंड दिसतं.

सणांची सोय आधीच करा. छपराखाली दर मीटरला एक कडी आणि झाकणवालं बाहेरचं सॉकेट, आरसीसीबीवर (वीज गळली की आपोआप बंद होणाऱ्या स्विचवर). दसऱ्याला झेंडू, दिवाळीला आकाशकंदील, डिसेंबरमध्ये नाताळचा तारा, मग कार्निव्हल आणि शिगम्याच्या पताका, सगळं त्याच कड्यांना. दर सणाला नवा खिळा ठोकला तर पाच वर्षांत भिंतीची चाळण होते.

पैसे फार नाहीत. एकच गोष्ट करायची तर?

काढून टाका. जुन्या पाट्या, मेलेले केबल, शीतपेयांच्या फुकट मिळालेल्या जाहिराती, काचेवरचे स्टिकर, दाराबाहेरची खोकी. मग काच धुवा, दाराच्या चौकटीला गडद रंग द्या, एक दिवा लावा. एवढ्यानं झालेला बदल बघून पुष्कळ मालक तिथंच थांबतात, आणि ते योग्यच असतं.

देखभाल कधी करायची?

वर्षातून दोनदा. मेमध्ये पन्हळी उपसा, छपराचे स्क्रू आवळा, कौलं शाकारून घ्या, ताडपत्रीच्या कड्या ओढून बघा, गटाराच्या लाद्या उचलल्या गेल्या का याचा पालिकेकडं पाठपुरावा करा. ऑक्टोबरमध्ये शेवाळ घासा, गंज खरवडून प्रायमर द्या, भिंत पूर्ण वाळल्यावरच चुना लावा; नवरात्राची घाई म्हणून ओल्या भिंतीवर मारलेला रंग नाताळपर्यंत टिकत नाही. शटरच्या स्प्रिंगसाठी माणूस मेच्या पहिल्या पंधरवड्यातच बोलवा, जूनमध्ये तो फोन उचलत नाही.